आडनाव न सांगणारे

कोस्किलाच्या कागदगिरणीत, तळघरात,
तांब्याच्या तारांचं एक झाड आहे.
चौतीस वर्षं मी त्याचा माळी.
निळी-पांढरी, नारिंगी-पांढरी, हिरवी-पांढरी.
रंग पाहून सांगतो
कुठली जोडी हिशेब विभागात जाते,
कुठली ओंडके उतरवायच्या धक्क्यावर,
आणि कुठली, मालक तीनदा बदलले तरी,
मालकाच्याच टेबलावर.

आता ते उपटायचं आहे, डिसेंबर संपायच्या आत.
हुकमात लिहिलंय : तांबं शून्य.

होदान गुलेद पुढे चालते, हातात मीटर,
छताला लटकवलेल्या पांढऱ्या डब्यांकडे मान वर करून.
ती मोजते, मी मागून कापतो.
वय सव्वीस. आई मोगादिशूची, ही इथल्याच नदीकाठची,
उणे वीसमध्येही टोपी विसरणारी.
म्हणाली, "भिंत आडवी आली की तुम्ही भोक पाडायचात.
मला तिची मनधरणी करावी लागते."

रायली क्रेन चालवायची
बावीस मीटर उंचावर, काचेच्या खोलीत,
थर्मास, लोकरीचे मोजे आणि माझा एक फोन घेऊन.
आता हिशेब विभागाशेजारी बसते, सपाता घालून.
समोर पाच पडदे.
बोटाने दांडी ढकलली की नदीपलीकडे
लोखंडी हात ओंडका उचलतो, पापणी लवायच्या आत.
आत म्हणजे नेमकं किती, ते होदानला आकड्यांत पाठ आहे.
रायली म्हणते, वारा सुटलेला आधी तळपायांना कळायचा.
आता कोपऱ्यात आकडा उमटतो.
कंबर मात्र दुखायची थांबली, हेही तिनेच सांगितलं.

आमच्याकडे फोन उचलून कुणी हॅलो म्हणत नाही.
आडनाव सांगतात.
हाउताला. हाउताला.
दिवसातून चाळीसदा तरी म्हटलं असेल,
त्यातलं निम्मं फक्त लाइन तपासायला,
पलीकडे कुणी नसताना.
नव्या जाळ्यात चार हजार सिमकार्डं आहेत,
पंपांत, बेअरिंगांत, रीळ वाहणाऱ्या बिनड्रायव्हरच्या गाड्यांत.
काही करंगळीच्या नखाहून लहान.
रात्रंदिवस बोलत असतात
आणि कामाचं तेवढंच बोलतात.

शेवटी एक जोडी उरली. तपकिरी-पांढरी.
चिठ्ठीवरची पेन्सिल पुसून गेलेली.
टोन लावला, तर जिवंत!
वहीत नाही, नकाशात नाही, बिल मात्र कुणीतरी भरत होतं.
आम्ही तिच्या मागे मागे गेलो
बॉयलरला वळसा घालून, एका लाकडी दाराशी.
सौना.
बाहेरच्या खोलीत, टॉवेलांच्या खुंट्यांशेजारी, काळा फोन.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत तो वाजला होता,
तीन नंबरच्या मशीनवर कागद फाटला म्हणून,
आणि ओन्नी अख्खं अंगण ओलांडून धावला होता, बर्फातून,
अंगावर फक्त वाफ.
होदान पोट धरून हसली.
मग म्हणाली, "आता फाटायच्या वीस मिनिटं आधीच कळतं."
"कुणाला?"
"मशीनला."
"आणि ओन्नीला?"
"त्याला कशाला त्रास?"
खरं होतं. ओन्नीने तेच मागितलं असतं.
तरी मी थोडा वेळ पक्कड नुसती हातात धरून उभा राहिलो.

जाड दगड, ओली हवा.
तिच्या मीटरवर एकही रेघ नव्हती.
एक डबा वाढवायचा तर किती युरो,
तिने ओठांतल्या ओठांत हिशेब केला
आणि अहवालात लिहिलं :
इथे सिग्नल नाही. गरज नाही.

मी जोडी कापली. हुकूम तो हुकूम.
फोन भिंतीवरच राहू दिला.
स्क्रू गंजलेत, असं वर कळवलं.

त्याच्यावर आता लोक टॉवेल वाळत घालतात.
परवा, बायकांची पाळी संपल्यावर,
एक पिवळा दिसला, अजून ओला.
कोपऱ्यात लाल दोऱ्याने भरलेलं :
गुलेद.